पोरगं मोटार खोलतंय, पण धंद्याचं काय? किर्लोस्करवाडीच्या इंजिनिअरकडून शिकण्यासारखं

निरवांगी (ता. इंदापूर) : दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या गावांत एकच विषय असतो. पोराला कुठं घालायचं? ज्या घरातलं पोरगं लहानपणापासून रेडिओ, मिक्सर, मोटरसायकल खोलून बघतंय, त्या घरात उत्तर तयार असतं, "याला मेकॅनिकल करा." मुलगी असली तरी आता हेच बोललं जातं, आणि ते चांगलंच आहे. वालचंदनगरचा कारखाना जवळ, बारामतीची एमआयडीसी जवळ. मशिनचं शिक्षण म्हणजे पोटाची सोय, असा आपला हिशोब.

हा हिशोब अर्धा बरोबर आहे. कर्ज काढून, चार वर्षं शिकून पोरगं इंजिनिअर होतं, कंपनीत लागतं. काही वर्षांनी त्याच्या लक्षात येतं की मशिन चालवणारा वेगळा आणि कोणतं मशिन घ्यायचं, माल कितीला विकायचा, माणसं किती ठेवायची हे ठरवणारा वेगळा. कुणी स्वतःचं शेड टाकतं, काम एक नंबर करतं, तरी दोन वर्षांत शेडला कुलूप लागतं. हातात कला असून असं का होतं? मशिनकडून धंद्याकडं जाणारी वाट नेमकी कशी असते? हे समजून घ्यायला आपल्या ओळखीचंच एक नाव घेऊ. किर्लोस्कर.

आधी बापाची गोष्ट

साठीच्या पुढच्या मंडळींना आठवत असेल. गावात लाईट यायच्या आधी विहिरीवर, नदीच्या काठाला डिझेल इंजिन असायचं. हँडल मारून चालू करायचं, पट्टा चढवायचा आणि पाटाला पाणी. कंपनी कुठलीही असो, बऱ्याच जणांच्या तोंडात नाव एकच, "किर्लोस्करचं इंजिन".

या घराण्यातले पहिले यांत्रिक म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. त्यांना दोन गोष्टींचा नाद, चित्र काढायचा आणि यंत्रांचा. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायचं राहिलं. पण यंत्रांच्या आकृत्या काढायला रंग लागत नाहीत, त्या त्यांनी सोडल्या नाहीत. पुढं मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवायला लागले.

मग भावाच्या जोडीनं बेळगावात सायकलींचं दुकान. कंपनी आपली सुरुवात १८८८ सालापासून धरते. दुकानातून ते यंत्र बनवण्याकडं वळले. कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर केला. नांगर चांगला होता, पण खपेना. लोखंडानं जमीन नासते, असं त्या वेळच्या शेतकऱ्याला वाटायचं. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली.

इथं थांबून विचार करा. नांगराच्या बनावटीत काही खोट नव्हती. तरी माल पडून होता. म्हणजे यंत्र चांगलं बनवणं हे एक काम, आणि ते शेतकऱ्याच्या मनात उतरवणं हे दुसरं काम. पहिलं इंजिनिअरचं, दुसरं धंद्याचं. लक्ष्मणरावांना दोन्ही करावी लागली.

१९१० साली बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. निवडुंगानं भरलेली, साप-विंचवाची जागा. तिथं कारखाना आणि कामगारांची वसाहत दोन्ही उभं राहिलं. तीच आजची किर्लोस्करवाडी, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातली. पहिल्या महायुद्धात नांगराला लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून काम चालू ठेवलं. कच्चा माल संपला म्हणून हात बांधून बसायचं नाही, हाही धंद्यातलाच धडा.

मग लेकाची

लक्ष्मणरावांचे थोरले चिरंजीव शंतनुराव. जन्म २८ मे १९०३, गाव सोलापूर. किर्लोस्करवाडी वसली तेव्हा ते सात वर्षांचे होत आले होते. घराशेजारी भट्टी, लेथ, लोखंडाचे ढीग. आपल्याकडं जसं पोरगं न शिकवता बैल ओळखायला शिकतं, तसं त्यांचं यंत्रांचं झालं.

पण वडिलांनी त्यांना सरळ कारखान्यात बसवलं नाही. १९२२ साली बोटीनं अमेरिकेला पाठवलं, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीत. तिथून १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअरची पदवी घेऊन ते परत आले आणि किर्लोस्करवाडीत कामाला लागले.

आता खरी गोष्ट सुरू होते. कॉलेजात यंत्राचं गणित शिकवतात. कारखान्यात आल्यावर प्रश्न वेगळे निघतात. नांगर शेतकरी घेतो, पण एकदा घेतल्यावर बरीच वर्षं दुसरा घेत नाही. मग कारखाना चालायचा कशावर? पाऊस दगा देतो तेव्हा अवजारं घ्यायला शेतकऱ्याकडं पैसाच नसतो. मग तेवढे महिने कामगारांचा पगार द्यायचा कशातून?

किर्लोस्करांनी काय काय बनवलं ते क्रमानं बघितलं तर उत्तर सापडतं. नांगर, कडबा कापायचं यंत्र, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, मग पंप, मग इंजिन, मग विजेची मोटर. एक वस्तू घेतलेल्या शेतकऱ्याला पुढं काय लागणार, याचा हा माग आहे. बैलाच्या मोटेऐवजी पंप आला, तर तो फिरवायला इंजिन लागणार. गावात वीज आली, तर मोटर लागणार. मधल्या काळात त्यांनी लोखंडी फर्निचर केलं, लेथ मशिनही केली. एकाच मालावर सगळा कारखाना टांगून ठेवला नाही.

१९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या. पुण्याची कंपनी शंतनुरावांनी उभी केली. पुढं १९६२ साली अमेरिकेच्या कमिन्स कंपनीबरोबर भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स आली. पुण्यात बनलेली इंजिनं परदेशातही गेली. १९६५ साली शंतनुरावांना पद्मभूषण मिळालं. २४ एप्रिल १९९४ रोजी ते गेले.

एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांनी मॅनेजमेंटचा कुठला कोर्स केला नव्हता. आपल्या देशात अहमदाबाद आणि कोलकात्याच्या आयआयएम संस्था निघाल्या १९६१ साली. तोवर शंतनुराव ५८ वर्षांचे झाले होते. धंदा ते कारखान्यातच शिकले.

मॅनेजमेंट म्हणजे नेमकं काय?

"मॅनेजमेंट" म्हटलं की आपल्याला टाय घातलेला साहेब आठवतो. विहिरीवरचा पंपच घेऊ, म्हणजे सोपं होईल.

इंजिनिअर विचारतो : पाणी किती फूट वर चढवायचं? तासाला किती लिटर पाहिजे? पाईप किती इंची? त्यावरून किती एचपीची मोटर लागेल?

धंदा बघणारा विचारतो : या तालुक्यात असा पंप किती शेतकऱ्यांना लागेल? त्यांना कितीला परवडेल? पैसे रोख मिळतील की उसाचं बिल आल्यावर? एप्रिल-मे महिन्यात मोटर जळाली तर मिस्त्री किती दिवसांत पोचेल? सुटा भाग इंदापुरात मिळेल का पुण्याहून मागवावा लागेल?

शेवटचे दोन प्रश्न आपल्याला चांगले कळतात. उन्हाळ्यात आठ दिवस पाणी बंद राहिलं तर उसाचं काय होतं हे कुणी सांगायला नको. म्हणून शेतकरी दुकानात गेल्यावर पंपाची कार्यक्षमता कमी विचारतो आणि "भाग कुठं मिळतात" हे आधी विचारतो. ज्या कंपनीनं हे ओळखलं ती टिकली.

किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक काढलं. गिऱ्हाइकाशी बोलत राहायचं, हा त्यामागचा विचार. पुढं त्याचंच नावाजलेलं 'किर्लोस्कर' मासिक झालं. आजच्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअप ग्रुपच तो, शंभर वर्षांपूर्वीचा.

थोडक्यात मॅनेजमेंटची पाच कामं. गिऱ्हाईक ओळखणं, खर्च काढणं, पैसा फिरता ठेवणं, माणसं सांभाळणं आणि पुढच्या पाच वर्षांत काय लागेल त्याचा अंदाज बांधणं. यातलं एकही काम पान्ह्यानं होत नाही. पण ज्याला पान्हा धरता येतो त्याला ही कामं जास्त चांगली जमतात. कारण कामाला किती वेळ लागतो आणि माल कुठं वाया जातो हे त्याला डोळ्यांनी दिसतं.

चांगलं काम करूनही शेड का बंद पडतं?

आता आपल्या तालुक्यातलं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेत. समजा, एका मेकॅनिकल झालेल्या पोरानं शेड टाकलं. मल्चिंग पेपर अंथरायचं ट्रॅक्टरचं अवजार तो बनवतो.

एका नगाचा खर्च असा. लोखंड, बेअरिंग, नट-बोल्ट १५ हजार. वेल्डिंग रॉड, रंग, वीज ३ हजार. बाहेरून लेथचं काम २ हजार. झाले २० हजार. विकतो २५ हजाराला. एका नगामागं ५ हजार सुटतात. घरचे खूश.

पण नग बनो न बनो, दर महिन्याला काही खर्च ठरलेले असतात. शेडचं भाडं ८ हजार, बँकेचा हप्ता १५ हजार, हाताखालच्या पोराचा पगार १२ हजार, फोन-पेट्रोल ५ हजार. एकूण ४० हजार. म्हणजे महिन्याला ८ नग विकले तर कुठं बरोबरीत येतो. नववा नग विकला की त्याची स्वतःची कमाई सुरू. हा ८ चा आकडा शेड टाकायच्या आधी काढलेला असेल, तर पोरगं आधी बाजारात फिरून महिन्याला ८ खपतात का ते बघतं. काढलेला नसेल तर ते सहा महिन्यांनी कळतं.

पुढं बघा. समजा त्यानं महिन्यात १० नग विकले. कागदावर १० हजार नफा. पण त्यातले ४ नग उधारीवर गेले, "उसाचं बिल आलं की देतो" म्हणून. हातात आले ६ नगांचे दीड लाख. खर्च झाला १० नगांचा २ लाख आणि वरचे ४० हजार, म्हणजे २ लाख ४० हजार. कागदावर नफा आणि खिशात ९० हजारांची तूट. पुढच्या महिन्याचं लोखंड कशातून आणायचं?

शेड बंद पडतं ते इथं. वेल्डिंग कच्चं होतं म्हणून नव्हे. गावात उधारी नाकारता येत नाही, नाती असतात. मग उधारी धरूनच किंमत आणि भांडवल ठरवावं लागतं. निदान लोखंडाचे पैसे तरी आगाऊ घ्यावे लागतात. हे इंजिनिअरिंगच्या अभ्यासात थोडंच येतं. ते वेगळं शिकावं लागतं.

"त्यांच्या बापाची कंपनी होती"

हे वाचून कुणी म्हणेल, शंतनुरावांचं काय, त्यांच्या वडिलांचा कारखानाच होता. बरोबर आहे. भारत फोर्जचे बाबा कल्याणी यांचंही तसंच. पिलानीला मेकॅनिकल, मग एमआयटीत पुढचं शिक्षण, आणि १९७२ साली वडिलांनी सुरू केलेल्या कंपनीत. अशा घरातल्या पोराला चूक करायची मुभा असते. आपल्या पोराची एक चूक म्हणजे कधी कधी एकरभर जमीन. हा फरक झाकून उपयोग नाही.

पण दोन गोष्टी बघा. लक्ष्मणरावांकडं बापाचा कारखाना नव्हता. आणि आपल्या शेजारचंच वालचंदनगर बघा. ते वसवणारे शेठ वालचंद हिराचंद सोलापूरचेच, पण इंजिनिअर नव्हते. रेल्वेच्या ठेकेदारीतून ते वर आले आणि यंत्राची कामं जाणत्या माणसांकडून करून घेतली. आज त्याच वालचंदनगरात साखर कारखान्यांची यंत्रं बनतात आणि इस्रोच्या रॉकेटचे भागही बनले आहेत. म्हणजे वाट दोन्हीकडून आहे. यंत्रवाला धंदा शिकू शकतो, धंदेवाला यंत्रवाल्याला जोडीला घेऊ शकतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात पाहिजेत असंही नाही. दोन भावांत, दोन मित्रांत वाटून घेता येतात. बेळगावच्या दुकानातही दोघं भाऊच होते.

आपल्या पोरांसाठी वाटा

आता कामाचं बोलू.

१. दहावीनंतर आयटीआय : फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, डिझेल मेकॅनिक असे ट्रेड असतात. हाताला काम लवकर मिळतं. पुढं कंपनीत अप्रेंटिसशिप करता येते.

२. दहावीनंतर डिप्लोमा : तीन वर्षांचा. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. हुशार पण पैशाची अडचण असलेल्या पोराला ही वाट बरी, कारण मधे थांबून नोकरीही धरता येते.

३. बारावी सायन्सनंतर डिग्री : राज्याची सीईटी द्यायची, मग चार वर्षं. बारामतीला विद्या प्रतिष्ठानचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पोराला पुण्यात खोली करून ठेवायची गरज नाही.

४. डिग्रीनंतर एमबीए : दोन वर्षांचं. राज्यातल्या कॉलेजांसाठी राज्य सीईटी सेलची वेगळी परीक्षा असते, आयआयएमसाठी कॅट. माझं मत विचाराल तर डिग्री झाली की लगेच एमबीएला पळू नये. दोन-तीन वर्षं शॉप फ्लोअरवर काम करावं. खर्च, माणसं, गिऱ्हाइकाच्या तक्रारी डोळ्यांनी बघितल्या की मग वर्गात शिकवलेलं समजतं. कर्ज काढून एमबीए करायचं असेल तर आधी त्या कॉलेजातून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या चार-पाच पोरांना फोन करून पगार विचारा. जाहिरातीवर जाऊ नका.

५. थेट धंदा : उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. जिल्हा उद्योग केंद्रातून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती घ्या, त्यात कर्जाला अनुदानाची जोड आहे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षणं असतात, त्यात खर्च आणि हिशोब शिकवतात. आणि एक कायदा लक्षात ठेवा. नोंदणी असलेल्या लहान उद्योगानं कंपनीला माल दिला तर त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत, असं २००६ चा कायदा सांगतो. कंपनीकडं बिल अडकलं तर हा आकडा तोंडपाठ पाहिजे.

घरी काय करायचं?

पोराला यंत्राची आवड असेल तर ती मोडू नका. मिक्सर खोलला म्हणून मारू नका, पण परत जोडायला लावा. तो जोडताना कुठला भाग कितीला आला, तो भाग पुण्यात स्वस्त का आणि गावात महाग का, हेही विचारा. आवड तिथंच हिशोबाला जोडली जाते.

आणि यंदा एक करून बघा. पोराच्या किंवा पोरीच्या हातात दोनशे पानी वही द्या आणि आपल्याच विहिरीच्या मोटरचा वर्षभराचा हिशोब लिहायला सांगा. मोटर किती तास चालली, लाईट बिल किती आलं, किती वेळा जळाली, रिवाइंडिंगला किती गेले, किती दिवस पाणी बंद राहिलं, त्यानं एकरी किती टन उसाचं नुकसान झालं. वर्षाच्या शेवटी त्या पोराला विचारा, ही मोटर दुरुस्त करत राहायची की नवी घ्यायची? त्यानं वहीत बघून आकड्यानिशी उत्तर दिलं, तर समजा की इंजिनिअरही तयार होतोय आणि धंदा बघणाराही. वहीला खर्च येतो चाळीस-पन्नास रुपये.